मुठीतली जाळी

“पेन्सिलीएवढी चेपलेली झडप मांडीतून आत सरकवणार, आणि ती हृदयात पोचली की आपोआप उघडणार!” पद्माकर म्हणाले. “उभा जन्म धातूशी काढलाय मी, स्वरूपा. चेपलेला पत्रा चेपलेलाच राहतो. उद्या क्लिनिकला फोन करून गुरुवारच्या ऑपरेशनची टेर्मीन रद्द करतो.”

एवढं बोलतानाच त्यांना धाप लागली. जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या त्या घराचा जिना ते हल्ली मध्ये बसत बसत चढत. हृदयातल्या जुन्या झडपेवर येता हिवाळा निघणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. शैलाताई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. नवऱ्याला समजावून समजावून त्या थकल्या होत्या.

स्वरूपानं सासऱ्यांशी वाद घातला नाही. ती अशाच झडपांचे सांगाडे बनवणाऱ्या कंपनीत कामाला होती. पर्समधून तिनं अंगठ्याएवढी रुपेरी जाळी काढून टेबलावर ठेवली. तपासणीत बाद झालेला नुसता सांगाडा. पद्माकरांनी तो चिमटीत दाबून पाहिला. ताठ होता. सोडला की टुणकन पहिल्यासारखा.

“स्प्रिंग आहे. त्यात काय एवढं?”

स्वरूपानं बर्फाच्या पाण्यात जाळी बुडवली. जरा वेळानं पाण्यातच तिला दोन बोटांनी चेपलं, पिळलं. जाळी वातीसारखी वळली आणि मुकाट तशीच पडून राहिली. पद्माकरांनी बोटं बुडवून स्वतः दाबून पाहिली. मघाचा ताठा कुठच्या कुठे गेला होता.

“आता हात पुढे करा, बाबा. मूठ मिटा. घट्ट.”

गार वळकटी तळव्यावर पडली. त्यांनी मूठ आवळली. आधी काहीच झालं नाही. मग आत काहीतरी हललं. त्यांनी आणखी जोर लावला, तर आतूनही जोर आला. घाई नाही, पण थांबणंही नाही. करंगळी उचलली गेली, मग तिच्या शेजारचं बोट. मूठ उघडली तेव्हा जाळी तळव्यावर गोल, अख्खी उभी होती. कुठे पोचा नाही की वळी नाही.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

“हे झालं काय?”

“निकेल आणि टायटॅनियम आहे, बाबा. पोलाद वाकवलं की अणू घसरतात, त्यांचे शेजारी बदलतात. मग जुनी जागा सापडत नाही. यातले अणू थंडीत नुसते कलतात, शेजाऱ्याला न सोडता. ऊब मिळाली की सरळ होतात.”

“कुणाची ऊब?”

“आत्ता तुमच्या हाताची. आत गेल्यावर रक्ताची.”

“नोखमाल,” पद्माकर जर्मनमध्ये पुटपुटले, आणि स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाले, “पुन्हा.” या वेळी जाळी त्यांनीच बुडवली, त्यांनीच पिळली, बाहेर काढून मुठीत घेतली.

“शैला, इकडे ये. लवकर.”

शैलाताई हात पुसत आल्या. पुढे केलेल्या मुठीभोवती त्यांनी दोन्ही तळवे धरले आणि दचकून नवऱ्याकडे पाहिलं.

“अहो, ढकलतंय!”

“हं.”

“जिवंत असल्यासारखं!”

मुठीवरची नजर न काढता पद्माकरांनी सुनेला विचारलं, “गुरुवारी सकाळीच जायचंय ना?”

“गेनाऊ, अगदी बरोबर, बाबा. आठ वाजता.”

शैलाताईंना काहीच ऐकू आलं नसावं. मान खाली घालून त्या तशाच उभ्या होत्या, आणि त्यांच्या ओंजळीत नवऱ्याचं एकेक सुरकुतलेलं बोट हळूहळू उघडत होतं.