बांगड्यांचे तुकडे

"बांगड्या सापडल्या म्हणजे तिथं घर होतं, खाण नव्हे," रावसाहेब सर फोनवर म्हणाले. "सोमवारपर्यंत दुसरा पुरावा आणा, नाहीतर विषय बदला."

संघमित्राने फोन ठेवला. संशोधनाची तीन वर्षं पाण्यात जायची वेळ आली होती. छत्तीसगडकडच्या एका नदीखोऱ्यात तिला दगडात कोरलेलं उथळ कुंड सापडलं होतं. फार जुन्या काळी माणसं त्यात नदीची वाळू धुऊन कथील काढायची, असं तिचं म्हणणं. आपण भांड्यांना कल्हई करतो, तेच कथील. पण कुंडाच्या एकाच काठाशी शंखाच्या बांगड्यांचे मूठभर तुकडे निघाले. झालं. सरांनी तिच्या खाणीचं स्वयंपाकघर करून टाकलं.

निदान वाळूत कथील आहे एवढं तरी दाखवू, म्हणून ती बोनकोडे गावातल्या आपल्या घरी मोरीत परात घेऊन बसली. नदीतली वाळू गोणभर आणलेली होतीच. पण ती परात हलवी आणि पाण्याबरोबर सगळंच वाहून जाई. रडू यायचं बाकी होतं.

तिची आई, सुंदराबाई, दारात उभी राहून बघत होती.

"भांडायलीस का तिच्याशी? सरक तिकडं."

रेशनचा खड्यांचा तांदूळ रोळण्यात आईचा जन्म गेला होता. तिने परात तिरकी धरली आणि नुसतं मनगट फिरवत राहिली. हिरव्या बांगड्या काठावर वाजत होत्या. हलकी वाळू निघून गेली. तळाशी काळेभोर, जड दाणे उरले. कथिलाच्या खनिजाचे.

संघमित्राला आनंद झाला, पण अर्धाच. वाळूत कथील आहे हे ठरलं. तिथं घर होतं की खाण, ते कुठे ठरलं होतं?

आईने पुन्हा वाळू घेतली. मनगट फिरता फिरता काठावर आपटलं.

"बांगडी वाढली एक," आई म्हणाली. "रोळताना हे असंच. काठापाशी बघ, तुकडा पडला असंल. पायात घुसंल."

तुकडा काठापाशीच होता. संघमित्राने तो उचलला. मग तिने सरांना फोन लावला.

"सर, ती खाणच आहे. कामाला बायका होत्या."