तिची पानं

“यातली यंत्राची पानं मी शोधून काढतो,” बाप म्हणाला आणि त्याने लाल पेनाचं टोपण काढलं. “ती बाजूला काढायची. उरलेल्यावर मी सही करतो.”

मुलीने टाइप केलेल्या पानांचा गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला. सगळ्यात वर प्रकाशकाचा कागद होता. ‘या कादंबरीतला सर्व मजकूर लेखिकेने स्वतः लिहिलेला आहे,’ असं त्यावर छापलेलं, आणि खाली वारसाच्या सहीसाठी रेघ. लेखिका जाऊन आठ महिने झाले होते. जन्मभर कथा लिहिल्या, कादंबरी ही एकच. वारस म्हणजे तिचा नवरा. सही झाली नाही तर पुस्तक निघणार नव्हतं. आणि सकाळी चहा ओतता ओतता मुलीने हळूच सांगितलं होतं की शेवटच्या आजारपणात आईने एआयची थोडी मदत घेतली होती.

बाप तो शब्द तोंडात घेत नसे. यंत्र म्हणे.

तेव्हापासून त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. थोडी म्हणजे किती? आणि मदत आईने घेतली, की तिच्या माघारी पोरीनेच अपुरं पुस्तक यंत्राकडून पुरं करून घेतलं? पाणी कुठेतरी मुरत होतं.

“मला कशी नाही बोलली ती?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

“अगं, तिचा शब्द न् शब्द मी वाचलाय. मला शिकवतेस?”

ते खरं होतं. चौतीस वर्षं त्याने छापखान्यात प्रूफं तपासली होती. तिथे त्याला सगळे ‘घार’ म्हणत. घरी बायकोच्या कथाही तोच तपासायचा, धंद्याच्या रीतीने, शेवटच्या ओळीपासून वर. असं वाचलं की गोष्ट डोळ्यांना ओढून नेत नाही, चूक तेवढी दिसते. तपासून झालं की पानं तिच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, “सात सापडल्या.” ती म्हणायची, “बरं.”

कादंबरी मात्र तिने त्याच्याकडे दिलीच नव्हती. आज चुका शोधायच्या नव्हत्या, यंत्र शोधायचं होतं. म्हणून तो पहिल्या ओळीपासून वाचायला बसला.

बासष्टाव्या पानावर तो थांबला. कादंबरीतली बाई कथा लिहून झाली की स्वयंपाकघराचं दार लोटून घेते आणि फळीवरच्या बरण्यांना ती वाचून दाखवते. नवरा पलीकडच्या खोलीत जागाच असतो.

“सापडलं!” त्याने पानावर टिचकी मारली. “धडधडीत यंत्र. नवरा घरात असताना बरण्यांना कथा वाचून दाखवील का कुणी? संसार कशाशी खातात ते माहीत नसलं की हे असलं सुचतं.”

“बाबा, ते पान...”

“मध्ये बोलू नकोस. आधी सगळं बघू दे.”

त्याने पान लाल रेघेने आडवं खोडलं. पुढे आणखी चार निघाली. एकात बाई आजारी पडते, हात थरथरायला लागतो, आणि ‘आता माझं अक्षरच लागत नाही, चुका कोण काढील?’ म्हणून ती एकटीच हसते. हे त्याने दोनदा खोडलं. प्रत्येक रेघेला तो मुलीकडे बघत होता. ती खिडकीबाहेर बघत होती. चोरी पकडली गेली की माणूस असंच बाहेर बघतो, हे त्याला ठाऊक होतं.

शेवटचं प्रकरण आलं. त्यात नवरा बायकोची कथा वाचतो. चष्मा काढून बाजूला ठेवतो. मग म्हणतो, “त्या पोराला स्टेशनवर सोडून ती निघाली, तिथे मला पुढे वाचवेना. कसं सुचतं गं तुला?” बाई पाणी आणायच्या निमित्ताने उठते आणि आत जाऊन नुसतीच उभी राहते.

बापाला पुढची अक्षरं दिसेनाशी झाली. पान ओलं होऊ नये म्हणून त्याने ते लांब धरलं.

“ही ती,” तो म्हणाला. “हे यंत्राला कुठून कळणार? त्यासाठी उभा जन्म एकत्र काढावा लागतो.”

प्रकाशकाचा कागद त्याने ओढून घेतला. मुलीने त्या कागदावर हात ठेवला.

“नका करू सही, बाबा.”

“का?”

“तुम्ही खोडलेली पाचही पानं आईची आहेत. तिच्या वह्यांतून मी टाइप केलीत, वह्या कपाटात आहेत. यंत्राचं सगळ्या पुस्तकात एकच पान आहे.” तिने त्याच्या हातातल्या पानाकडे बोट केलं. “ते.”

“खोटं बोलतेस.”

तिने बोट मागे घेतलं नाही.

“खोटं बोलतेस तू. चाळीस वर्षं लिहिणारी बाई. एक पान लिहिता येईना म्हणून ती यंत्राच्या दारात जाईल? काय मागितलं तिने त्याच्याकडे? दाखव मला.”

मुलीने आईचा लॅपटॉप उघडला. आईने एआयला टाइप करून विचारलेलं सगळं त्यात तारखेसकट राहिलं होतं. थोडं शोधून तिने पडदा बापाकडे वळवला आणि ती खोलीतून निघून गेली. बापाने डोळे पुसले, चष्मा लावला आणि वाचलं:

‘नवरा बायकोची कथा वाचतो आणि तिच्याशी त्या कथेबद्दल काहीतरी बोलतो, एवढा एक प्रसंग लिहून दे. बाकी सगळं मी लिहिलं आहे. हे मात्र मी कधी पाहिलेलं नाही.’