नामाचं कडवं

युनूसनं पुन्हा फोन लावला. पुन्हा नुसती रिंग वाजत राहिली.

"नाही उचलत?" हर्षलानं विचारलं.

"उचलनार नाय तो. मुद्दाम नाय उचलत."

हर्षला कशेळ्याची, कॉलेजात शिकणारी आणि रॅप करणारी. शनिवारी संध्याकाळी कर्जतच्या मैदानावर तिच्या मंडळींनी मोठा कार्यक्रम ठेवला होता, 'घाटाखालचे' या जुन्या जोडीच्या मानासाठी. युनूस आणि नामा, ही ती जोडी. त्यांचा ठेका जमवून देणारा तौकीर केव्हाच मस्कतला गेला होता.

तौकीरच्या मामानं आखातातून आणलेल्या कॅसेटी ऐकून तिघं शिकले होते. इकडे रॅप हा शब्दही कुणाला माहीत नव्हता, तेव्हा टेंपोवर कर्णे बांधून ते खालापूरपासून नेरळपर्यंत फिरायचे. कुठे गणपती, कुठे क्रिकेटचे सामने. नामाचं कडवं आलं की माणसं टेंपोला लोंबकळायची.

डोंगर आमचा, बंगला तुमचा,
गेटवर उभा पोरगा आमचा!

मग मुंबईच्या एका कंपनीनं त्यांची कॅसेट काढली. वर फोटो आला तो एकट्या युनूसचा. नामा खोपोलीला पत्रे ठोकायच्या कारखान्यात लागला, तिथंच केस पिकवले आणि परत कधी स्टेजवर चढला नाही. युनूसनं चौकला टायरचं दुकान टाकलं. बोलणं तुटलं ते तुटलंच.

"फोटो काय मी छापला होता?" युनूस आताही चिडून म्हणाला.

"काका, एकदा घरी जाऊन या ना," हर्षला म्हणाली. "त्यांच्या कडव्याशिवाय कसलं गाणं?"

हेच त्याला झोंबायचं. गाणं दोघांचं, पण लोक विचारणार नामाचंच कडवं.

तरी तो नामाच्या गावी, पोशीरला गेला. नामा ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसला होता. युनूसला बघून उठला, हात धरून त्याला खाटेवर बसवलं. युनूसला बरं वाटलं.

"शनिवारी कर्जतला कार्यक्रम हाय," तो म्हणाला. "आपल्या दोघांचा. येशील ना?"

नामा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरी हायत सगली. तुझी पोरं कशी हायत?"

"मी काय इचारतोय, नामा?"

"चाय घे," नामा म्हणाला आणि खाली मान घालून पुन्हा शेंगा सोलायला लागला.

युनूसनं राग गिळला. हर्षलानं जुन्या गाण्याला नवा ठेका लावून दिला होता, तो त्यानं मोबाइलवर मोठ्यानं लावला. ओटीवर नामाचाच तरुणपणीचा आवाज घुमला. नामानं मान वर केली नाही. एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, दुसरी घेतली.

नामाची बायको सुंदरा घाईनं बाहेर आली. "बंद करा ते, भावजी. तुमच्या पाया पडते."

युनूस चहा न घेता निघाला.

पुढचे दोन दिवस हर्षलाचे फोन येत राहिले. नामाकाका येणार ना? पोस्टरवर त्यांचं नाव घालू ना? शेवटी शुक्रवारी तो परत पोशीरला गेला. नामा शेतात वालाला पाणी सोडत होता, पाठमोरा. युनूसनं बांधावरून हाक मारली. नामा वळला नाही. युनूसनं आणखी मोठ्यानं हाक मारली. शेजारच्या शेतातली माणसं बघायला लागली, पण नामाचं फावडं थांबलं नाही.

इतक्या वर्षांचं सगळं युनूसच्या तोंडाशी आलं.

"येवडा माज? फोटोसाठी जलमभर अबोला? नको येऊस जा! सांगतो लोकांना, नामा मेला म्हनून!"

नामानं पाट मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घातलं.

सुंदरा भाजीची पाटी घेऊन बांधावर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे भरले होते.

"मी आनते त्यांना उद्या," ती म्हणाली. "पन एक करा, भावजी. गाताना तुमी त्यांच्याकडं तोंड करून उबं रायचं. लोकांकडं नाय."

"म्हंजे मी लोकांना पाठ दाखवायची? तो राजा आनि मी कोन?"

"येवडं करा. जास्त इचारू नका. मी शबूद दिलाय त्यांना."

शनिवारी मैदान भरलं. खोपोली, नेरळ, कोंडाणे, कुठून कुठून पोरं आली होती. नामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. स्टेजवर जाताना सुंदरानं त्याचा हात युनूसच्या हातात दिला.

दिव्यांचा झोत थेट डोळ्यांवर होता. पुढचं मैदान नुसतं काळं दिसत होतं. युनूस दात आवळून नामासमोर उभा राहिला, लोकांकडे पाठ करून. त्यानं आपलं कडवं म्हटलं. नामाची नजर त्याच्या ओठांवरून हलली नाही.

मग नामाची पाळी आली. त्यानं ठेक्याच्या आधीच सुरुवात केली. मग ठेका पुढे गेला आणि तो मागे राहिला. मुद्दाम घालवतोय, युनूसला वाटलं. सगळ्यांसमोर माझी फजिती करतोय.

दुसऱ्या ओळीवर नामा अडखळला आणि थांबला. माइक खाली आला.

तेवढ्यात मैदानातून कुणीतरी ती ओळ उचलली. मग दहाजणांनी, मग सगळ्यांनी. डोंगर आमचा, बंगला तुमचा! पोरं खुर्च्यांवर चढली. हर्षला स्टेजच्या कडेला उभी राहून रडत ओरडत होती. नामाचं अख्खं कडवं हजारो गळ्यांतून निघालं, संपलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. युनूसला स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

नामा पुढे सरकला. त्यानं युनूसचा खांदा घट्ट धरला आणि त्याच्या ओठांकडे बघत विचारलं,

"युनूस, माजं कडवं कुनाला याद हाय का रं? कोन म्हनतंय का?"