मेल्यानंतरचं नाटक

ब्रिटिश नट एडगर व्हिटलो यांची उभी हयात मरण्यात गेली. सिनेमा असो की नाटक, सुरुवातीलाच त्यांचा खून व्हायचा आणि ते मोकळे व्हायचे. सिंगापूरच्या दौऱ्यातही ते रोज रंगमंचावर मरून, तोंड धुऊन, लिटिल इंडियात डोसा खायला जात.

एकदा कपडेपट सांभाळणाऱ्या मीनलनं विचारलं, "सर, तुमचा खुनी कोण, माहितीये ना?"

"छे! मी माझीच पानं वाचतो. पण मी करतो त्या एवढ्या भल्या जमीनदाराला मारणारा राक्षसच असणार."

मीनलला हसू आवरेना. "आज डोसा राहू द्या. मागे बसून पुढचं नाटक बघा."

एडगर बसले. बायकोला छळणारा, भावाला वेड्यांच्या इस्पितळात डांबणारा, मोलकरणीच्या मांजरालाही लाथ घालणारा तो जमीनदार म्हणजे आपणच, आणि आपल्या पेल्यात विष कालवणारी ती गांजलेली मोलकरीणच, हे ऐकता ऐकता ते खुर्चीत खचत गेले.

"मी इतका नालायक? आणि मला कोणी बोललं नाही!"

"सर, आम्हाला वाटलं, तुम्ही नाटक वाचलंय."

दुसऱ्या दिवशी भर प्रयोगात एडगरनी मोलकरणीची हात जोडून माफी मागितली आणि तिच्या हातातला विषाचा पेला स्वतःहून घेऊन घटाघटा रिकामा केला.