बुद्धाची बडदास्त

मठाने संग्रहालयाला दिलेली बुद्धमूर्ती परत न्यायची की तिथेच ठेवायची, हे ठरवायला वृद्ध भिक्खू येणार म्हटल्यावर दालन सांभाळणाऱ्या बाई धास्तावल्या. देवधर्माशी त्यांचा छत्तीसचा आकडा. "तो देव नाही, वस्तू आहे वस्तू," असं त्या हात जोडणाऱ्या प्रत्येकाला दटावून सांगत.

भिक्खू आले आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसून बघत राहिले. बाईंनी रोजच्यासारखे हात धुतले, पांढरे हातमोजे चढवले आणि मऊ कुंचल्याने मूर्तीच्या कानामागची धूळ श्वास रोखून टिपली. ऊन लागू नये म्हणून पडदा ओढला, हवेतला ओलावा वहीत नोंदवला, मोठ्याने हसणाऱ्या पाहुण्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.

तासाभराने भिक्खू उठले. "मूर्ती इथेच राहू दे," ते म्हणाले.

बाईंचा जीव भांड्यात पडला. टुणकन उडीच मारावीशी वाटली त्यांना. तेवढ्यात भिक्खूंनी त्यांना वाकून हात जोडले आणि अदबीने विचारलं,



"आपल्याला दीक्षा कोणी दिली?"