हिरवा पट्टा

"चार दिवस," थोरली म्हणाली.

तिकीटखिडकीतल्या मुलीने वर पाहिलं. "मॅडम, आमचं पार्क दोन दिवसांत आरामात बघून होतं."

"मी विचारलं का? चार दिवसांचे पास द्या."

नवरा मागे बॅगा घेऊन उभा होता. तो बेकरीत कामाला होता. वर्षभर भट्टीसमोर उभं राहायचं काम. सुट्टी मिळाली की त्याला एकच गोष्ट हवी असायची, बसायला. "अगं, दोन दिवस फिरू. मग घरी जाऊन जरा पडू," तो म्हणाला.

"धाकटीने तीन काढले."

विषय संपला.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. गेल्या सुट्टीत ती, भावजी आणि त्यांचं पिल्लू इथेच येऊन गेले होते. घरच्या ग्रुपवर फोटोच फोटो. लाल ड्रेस घालून पाळण्यात, निळा ड्रेस घालून किल्ल्यासमोर, फुलाफुलांचा घालून कारंज्यापाशी. सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "धाकट्याने बायकोला तीन दिवस फिरवलं हो." आणि मग थोरलीकडे असं बघायच्या, जसं काही तिनेच आपल्या नवऱ्याला भट्टीत कोंबून ठेवलाय. थोरली वर्षभर जळत होती. उगाच गोड कशाला बोला? धाकटी गोरी होती, बारीक होती, तेही तिने चालवून घेतलं असतं. "फिरवलं" हा शब्द तिला चालत नव्हता.

पहिला दिवस तिने दात-ओठ खाऊन वसूल केला. मनगटावर कागदी पिवळा पट्टा बांधून तिघं एकूण एक पाळण्यात बसले. त्यांच्या लेकीला, चिमीला, दोनदा उलटी झाली. नवरा रांगेत उभ्या उभ्या डुलक्या काढत होता. कुणीच हसलं नाही. हसायला वेळ कुणाला होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच्या माणसाने कात्रीने पिवळा पट्टा कापला आणि हिरवा बांधला.

"रोज नवा?" तिने विचारलं.

"रोज नवा. पहिल्या दिवशी पिवळा, दुसऱ्या दिवशी हिरवा, तिसऱ्या दिवशी निळा. नाहीतर लोक एकाच पट्ट्यावर आठवडाभर येतील की, ताई."

थोरली शिलाईच्या दुकानात कपडे उसवून मापात बसवून द्यायची. धाकटीच्या त्या ड्रेसच्या बाह्या तिने फोनवर मोठ्या करकरून बघितल्या होत्या, कुठे झोळ दिसतो का म्हणून. बाहीखालचं मनगट तिला आत्ता आठवलं. ती तिथेच थांबली. फोन काढला. लाल ड्रेस, पिवळा पट्टा. निळा ड्रेस, पिवळा पट्टा. फुलाफुलांचा, पुन्हा पिवळाच.

"एकच दिवस!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की रांग वळून बघायला लागली. "अहो, एकच दिवस आत आली होती ती भवानी! कपडे बदलून बदलून फोटो काढलेत!"

"बरं झालं," नवरा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत आशा चमकली. "म्हणजे जिंकलो आपण. निघायचं मग?"

ती फोन लावत होती. एवढ्यावर कशी सोडेल?

"काय गं धाकटे, तुझा हिरवा पट्टा कुठाय?"

पलीकडून खळखळून हसणं. "अय्या, सापडलं का तुम्हाला? ताई, सासूबाईंना सांगू नका हं! तीन दिवस तिथेच होतो हो आम्ही, पण लॉजवर. पहिल्याच दुपारी यांनी हात टेकले. म्हणाले, उद्या मला रांगेत उभं केलंस तर पळून जाईन. आता सासूबाई म्हणणार, एवढ्या लांब लोळायला गेला होतात का? म्हणून बॅगेतले कपडे काढले आणि फोटो उरकून टाकले. पुढचे दोन दिवस नुसते पत्ते! पिल्लू पत्ते गादीखाली लपवायचं आणि हे दरवेळी फसायचे. पोट दुखेपर्यंत हसलो बघा. लॉजवाला दार वाजवून गेला, जरा हळू हसा म्हणून. अहो, हे लग्नात पण एवढे हसले नव्हते."

थोरलीच्या तोंडात चार टोमणे तयार होते. ते तोंडातच राहिले. "छान," म्हणून तिने फोन ठेवला.

नवरा फुटपाथच्या कडेला टेकला होता. बूट काढून. चिमी त्याच्या मांडीवर पेंगत होती. थोरलीने दोघांकडे बघितलं.

"चला, लॉजवर जाऊ. वाटेत पत्ते घेऊ."

"आणि पास?"

"मरू देत पास."

नवऱ्याने चिमीला खांद्यावर टाकलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच तो भरभर चालत होता. "शहाणी गं माझी बायको," तो म्हणाला, आणि पत्ते स्वतः निवडून घेतले.

लॉजवर तो गादीवर ऐसपैस बसला. पाय लांब केले. पत्ते पिसले, वाटले. थोरली चिमीच्या कानात काहीतरी कुजबुजली. चिमीने एक पत्ता गादीखाली सरकवला. नवऱ्याने तो चार वेळा शोधला, मग हातातले पत्ते खाली ठेवून सुखाने जांभई दिली.

थोरली त्याच्या तोंडाकडे बघत होती. वाट बघत होती.

"हसा," ती म्हणाली.

"काय?"

"ते दोघं पोट दुखेपर्यंत हसले होते. हसा."