जसं घडलं तसं

एका जुन्या लढाईवर सिनेमा निघाला, तेव्हा तिच्यातून वाचलेल्या एका म्हाताऱ्या सैनिकाला सल्लागार म्हणून बोलावलं. सेटवर त्याने सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. बुटांवरचा चिखल काळा नको, तांबडा हवा. बंदुकीचा पट्टा या नाही, त्या खांद्यावर. "जसं घडलं तसंच दाखवा," हा एकच धोशा. जिवलग दोस्ताने त्याच्या मांडीवर जीव सोडला, तो प्रसंगही त्याने शब्दन्‌शब्द सांगून करून घेतला.

पहिल्या खेळाला त्या दोस्ताची बायको त्याच्या शेजारीच बसली होती. पडद्यावर तिचा नवरा दुपारपासून अंधार पडेपर्यंत तडफडला. "भांडकुदळे, ए भांडकुदळे," अशी बायकोला हाका मारत राहिला.

दिवे लागले तशी ती म्हणाली, "भावजी, तुम्ही तर सांगितलं होतं, गोळी लागली आणि हे जागच्या जागी गेले."

तो घाईघाईने म्हणाला, "अहो वहिनी, सिनेमाच तो! हे लोक मनाचं काहीबाही घुसडतात."

"असेल हो," तिने डोळे टिपले.

"पण मला भांडकुदळी फक्त हेच म्हणायचे, तेही घरात कुणी नसताना. ते सिनेमावाल्यांना कुणी सांगितलं?"